जुनं डब्लिन, जुन्या इमारती : भाग ७
तंबाखूची वखार

मागच्या लेखात आपण जेम्स गँडनचं कस्टम हाउस पाहिलं. घुमट, पुतळे, नदीकडे तोंड करून मिरवणारा दर्शनी भाग. सरकार कर कसा मागतं, ते तिथे दिसतं. पण कर बुडू नये म्हणून सरकार माल कसा कोंडून ठेवत असे, ते बघायचं तर तिथून पूर्वेला चार पावलं टाकायची आणि आज ‘सी.एच.क्यू.’ म्हणतात त्या लांबलचक इमारतीत शिरायचं. डब्लिनच्या ओंगार उपनगरातल्या मंडळींना हे फार सोपं आहे. हॅन्सफील्डहून डॉकलँड्सची गाडी धरावी आणि उतरून नदीच्या दिशेने चालू लागावं.

ही ‘स्टॅक ए’, म्हणजे तंबाखूची वखार. १८२० मध्ये बांधून झाली. अभियंता जॉन रेनी, हा पूल आणि गोद्या बांधणारा माणूस. वरच्या प्रशस्त मजल्यावर तंबाखू आणि खाली तळघरात दारूची पिंपं, अशी वाटणी होती. तंबाखूवर जकात जबर असायची. माल बोटीतून उतरला की सरकारी कुलपात जायचा, आणि व्यापारी तो बाहेर काढेल तेव्हाच जकात भरायचा. तोवर राखण सरकारची. म्हणून भिंती भरभक्कम.

निपाणीकरांना हे नवं वाटणार नाही. आपल्याकडे १९४३ साली कच्च्या तंबाखूवर अबकारी कर बसला आणि तो १९७९ पर्यंत राहिला. त्या काळात तिथल्या वखारींवरही अबकारी खात्याची नजर असे. फरक एवढाच की निपाणीच्या वखारीत बायका तंबाखू कुटत-चाळत आल्या, तिच्या खकाण्यात खोकत राहिल्या. डब्लिनची वखार निव्वळ साठवणीची.

करानंतरची दुसरी धास्ती आगीची. वर वाळलेली पानं, खाली दारू! लंडनच्या तंबाखू वखारीत रेनीच्या आधी काही वर्षं बिडाचे खांब वापरले गेले होते, पण त्यांच्यावरचं छप्पर लाकडीच होतं. डब्लिनमध्ये रेनीने छपराचा सांगाडाही लोखंडाचा केला. इतक्या लवकरच्या काळातलं हे धाडस मला कस्टम हाउसच्या घुमटापेक्षा मोठं वाटतं.

बीड दाब उत्तम सोसतं, ताण मात्र सोसत नाही. बिडाचा तवा चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण हातातून फरशीवर पडला की तडकतो, तसंच. त्यामुळे बिडाची सरळ आडवी तुळई लांबवर टाकणं धोक्याचं; तिची खालची बाजू ताणली जाते. खांबांच्या रांगेकडे पाहा. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत तुळई कमानीसारखी वाकत गेलेली दिसते. कमान केली की भार बहुतांशी दाबाच्या रूपात खांबांत उतरतो. कमानीच्या खांद्याशी भरीव बीड न ठेवता मोकळी नक्षी ठेवली आहे. दिसायला नाजूक, आणि वजनही वाचतं.

छपरातून उजेड घेतला आहे. तंबाखू तपासायला उजेड हवा आणि दिवे नकोत, हे दोन्ही त्यात साधलं. इमारतीची रुंदी दीडशे फुटांच्या घरात, पण मध्ये आडभिंत नाही आणि खांब विरळ. तंबाखूची अवजड पिंपं गडगडवत न्यायला अशीच मोकळी जमीन लागे.

याच मोकळेपणामुळे या वखारीत एक अजब पंगत बसली. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना २२ ऑक्टोबर १८५६ रोजी इथे जेवण दिलं गेलं. तीन टन बटाटे शिजले, अडीचशे हॅम कापले गेले.

गोदीतला धंदा आटला, तरी वखार तगली. आता वर दुकानं आणि खाण्याची ठिकाणं आहेत, तर तळघरात २०१६ पासून ‘एपिक’ हे आयरिश स्थलांतराचं संग्रहालय. संग्रहालय चांगलं आहे, पण पडद्यांच्या झगमगाटात तळघराच्या विटांच्या कमानी हरवतात, ही माझी तक्रार. तिकीट काढलंत तर दोन दालनांमधल्या बोळात थांबून आधी छत पाहून घ्या. तिकीट काढायचं नसेल तर वरचा मजला फुकट आहे, आणि रेनीचं खरं काम तिथेच आहे.