चुन्याची निवळी आणि एक मुक्त कोश

पोवळी पाळणाऱ्याच्या घरात रात्री दिवे मालवले, की काचेच्या टाकीत एका बारीक नळीतून चुन्याची निवळी ठिबकू लागते. पोवळं आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं, त्यामुळे पाण्यातलं कॅल्शियम रोज खर्च होतं आणि ते रोज भरून काढावं लागतं. रात्रीच का, तर अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. निवळीचा पीएच १२च्या वर असल्याने दोन्ही कामं एकदम होतात. लिटरभर पाण्यात चुना जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो, पाणी तापवलं तर आणखी कमी. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही. पण दिवसाला निवळी किती घालावी? तळाचा साका गेला तर चालतो का? तिच्यात व्हिनेगर मिसळावं का? हे विचारलं, की दहा माणसं दहा उत्तरं देतात आणि दहाही जणांच्या टाकीत पोवळी ठणठणीत असतात.

अशा उत्तरांमधून कुणालाही फुकट वाचता येईल आणि कुणालाही दुरुस्त करता येईल असा कोश रचायचा, तोही पोटापाण्याला दुसरंच काही करणाऱ्या माणसांनी, बिनपगारी. प्रवाळ-टाकीच्या बाबतीत हे वाटतं तितकं विचित्र नाही, कारण मुळात हे शास्त्र बरंचसं हौशी लोकांनीच उभं केलं आहे. १९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. गाळणी नाही, रसायनं नाहीत. समुद्रातून आणलेले, जीवजंतू वसलेले ‘जिवंत’ खडक, ताजं समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस्स. दाराशी उष्ण कटिबंधातला समुद्र असलेल्या माणसाला हे सोपं होतं. बर्लिनमधल्या हौशी मंडळींकडे ना तसं ऊन होतं ना समुद्र. त्यांनी उन्हाच्या जागी प्रखर दिवे लावले, पाणी मीठ कालवून केलं, खडक तेवढे ठेवले आणि जोडीला स्किमर घेतला. गुऱ्हाळात कढईवर आलेली मळी काढून टाकतात, तसा हा स्किमर बुडबुड्यांना चिकटून वर आलेली घाण फेसासकट बाहेर काढतो. ती सडून तिचा अमोनिया होण्याआधी ती पाण्याबाहेर गेलेली असते.

पुढे १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेतून अमेरिकेत घरोघरी ‘मिनी-रीफ’ पोचली. त्यांची गाळणी डच घडणीची होती, आणि तशा गाळण्यांत प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी झिरपत खाली येई. गोळ्यांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करत, पण नायट्रेटचं पुढे काही होत नसे, ते साचत राही. काही वर्षांनी लोकांनी तेच गोळे उपसून फेकले. कोशात या गोळ्यांवरचं पान कसं लिहावं? ‘वापरू नका’ एवढं लिहून भागत नाही. नुसते मासे असलेल्या टाकीत ते आजही चांगलं काम करतात, आणि ते का सोडले हे कळल्याशिवाय पुढच्या कुठल्याही गाळणीबद्दल मत बनवता येत नाही. माझ्या मते या कोशाची खरी कसोटी अशा पानांवर आहे. एखाद्या माशाचं वर्णन काय, कुठूनही मिळतं.

विकिपीडिया असताना वेगळा कोश हवाच कशाला, हा रास्त प्रश्न आहे. विकिपीडियाच्या आधी, २००० साली, त्याच मंडळींनी न्यूपीडिया काढला होता. त्यात तज्ज्ञांच्या सात टप्प्यांच्या तपासणीतून लेख जायचा. २००३ मध्ये तो बंद पडला तेव्हा जेमतेम दोन डझन लेख पुरे झाले होते. १५ जानेवारी २००१ला सुरू झालेल्या विकिपीडियाने दार सताड उघडं टाकलं, पण उंबऱ्यावर दोन नियम बसवले. स्वतःचं संशोधन इथे लिहायचं नाही, आणि ‘हे कसं करावं’ अशी कृतिपुस्तिकाही इथे लिहायची नाही. सामान्य ज्ञानकोशासाठी दोन्ही नियम शहाणपणाचे आहेत. पण पोवळी पाळणाऱ्याला हवं असतं ते नेमकं याच दोन नियमांच्या पलीकडे असतं. हौशी मंडळींचं अर्धंअधिक ज्ञान छापलेलंच नाही, ते त्यांच्या टाक्यांमध्ये आहे. आणि प्रत्येक टाकी म्हणजे जोडीला तुलनेची दुसरी टाकी नसलेला एकेक प्रयोग.

म्हणून अशा कोशाला पुराव्याचा आपला वेगळा नियम घडवावा लागतो. आकडा लिहिला, की तो आला कुठून तेही लिहायचं: समुद्रात मोजलेला, प्रयोगशाळेतला, पुष्कळ टाक्यांत आढळलेला, की एकाच माणसाचा अनुभव. ही शिस्त नसली तर काय होतं याचं उत्तम उदाहरण माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात सापडतं. क्रिप्टोकॅरिऑन हा त्याचा परजीवी. त्याच्यावर तांब्याचं औषध चालतं, पण तांब्याने पोवळी आणि कोळंब्या मरतात. म्हणून मासे दुसऱ्या टाकीत हलवून उपचार करायचे आणि मुख्य टाकी माशांविना ठेवून परजीवी उपाशी मारायचा. किती दिवस? हौशी मंडळींत ७२ किंवा ७६ हा आकडा मंत्रासारखा फिरतो. त्याचं मूळ १९९७ च्या एका शोधनिबंधात आहे. परजीवीच्या पुट्यांमधून पिल्लं बाहेर पडायला ३ दिवसांपासून ७२ दिवसांपर्यंत कितीही वेळ लागला, असं त्यात दिसलं. म्हणजे ७२ ही त्या निबंधातली शेवटची टोकाची नोंद. सावधगिरी म्हणून ती धरणं ठीकच, पण पानावर हे मूळ दिलेलं असलं तर वाचणाऱ्याला आपण नक्की कशाची काळजी घेतोय ते कळतं.

कंटाळवाणी कामंही खूप. पाण्याच्या क्षारीयतेला तीन एककं आहेत, आणि प्रत्येक देशाची, प्रत्येक चाचणी-संचाची सवय वेगळी. समुद्राच्या पाण्याची क्षारीयता जर्मन अंशांत साधारण ७, मिलिइक्विव्हॅलंटमध्ये २.५, पीपीएममध्ये १२५. तिन्ही एकच. नवखा माणूस ७ आणि १२५ पाहून घाबरतो आणि डोस चुकवतो. सगळ्या पानांवर तिन्ही आकडे शेजारी शेजारी बसवत जाणं, यात कसली कीर्ती नाही, पण याच्याइतकी टाक्या वाचवणारी दुसरी संपादकी क्वचितच असेल.

नावांचा घोळ त्याहून मोठा. दुकानात ‘हॅमर’ आणि ‘टॉर्च’ ही पोवळी शेजारी ठेवलेली असतात. दोन्ही युफिलिया वंशातली, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी हॅमरला फिम्ब्रियाफिलिया या वंशात हलवलं, टॉर्च मात्र युफिलियातच राहिलं. दुकानदार काही पाट्या बदलत नाही. मग जुन्या नावाने शोधणारा माणूस नव्या नावाच्या पानावर पोचेल अशी वाट बांधून ठेवावी लागते.

समुद्री टाक्यांच्या या विषयाने शास्त्रालाही एकदा चांगलंच चकित केलं आहे. टाकीतला अमोनिया जिवाणूच संपवतात, असं पुस्तकांत छापलेलं होतं. २००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या समुद्री टाकीच्या खड्यांमधून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा आर्किया वर्गातला सूक्ष्मजीव वेगळा काढण्यात आला. तोही हेच काम करत होता, आणि पुढे कळलं, की खुल्या समुद्रात हे काम मोठ्या प्रमाणावर त्याचे भाऊबंदच करतात. नायट्रोजन-चक्रावरचं पान त्यानंतर पहिल्या ओळीपासून लिहावं लागतं.

काही पानं मात्र सगळ्यांना खुली ठेवणं मला धोक्याचं वाटतं. पॅलिथोआ या मऊ, बटणासारख्या दिसणाऱ्या जीवांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. खडक साफ करायचा म्हणून कुणी तो उकळतं, वाफ घरभर पसरते आणि अख्खं कुटुंब इस्पितळात जातं. असं एकाहून अधिक देशांत घडलं आहे. ‘खडक उकळावा’ असा एखादा जुना सल्ला त्या पानावर तासभर जरी राहिला तरी तो तास महाग पडेल. अशा पानांना कुलूप असावं, किल्ली दोन-चार जाणत्यांकडे असावी. मुक्तपणाचे कट्टर पुरस्कर्ते यावर नाराज होतील. होऊ देत. विक्रेत्यांचा त्रास त्या मानाने किरकोळ. ते आपल्या मालाचे दुवे घुसवतात आणि ते रोज काढून टाकायचे असतात.

आपल्याकडच्या वाचकासाठी कायद्याचं पान सर्वांत आधी हवं. रीफ बांधणारी पोवळी, काळं पोवळं, समुद्रपंखे हे सगळे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पोवळी आहेत, विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात आंग्रे बँक आहे. तिथला तोडलेला तुकडा मुंबईतल्या दिवाणखान्यात ठेवणं हा गुन्हा आहे, मग टाकी कितीही निगुतीने सांभाळलेली असो. परदेशी लेखकांनी लिहिलेल्या पानांत हे येत नाही, ते इथल्याच कुणीतरी घालायला हवं.

त्याच पानाला जोडून टाकीतच जन्मलेल्या माशांची यादी असावी, म्हणजे समुद्रातून न उपसता काय पाळता येतं ते कळेल. विदूषक मासे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात मार्टिन मो यांनी विक्रीसाठी वाढवले, तेव्हापासून ते सहज मिळतात. सर्जनफिश मात्र टाकीत वाढत नाहीत, असं जवळपास सगळेच धरून चालत. मग २०१५ मध्ये हवाईत त्यांच्यातलाच पिवळा टँग अंड्यापासून वाढवण्यात आला आणि २०१६ मध्ये फ्लोरिडात निळा. त्या दोन पानांवरचं ‘बंदिस्त पैदास: अशक्य’ हे वाक्य खोडायला ज्या कुणाला त्या दिवशी वेळ असेल, त्याने ते खोडायचं आणि शेजारी तारीख टाकायची.