पंप खडखडतो तेव्हा

पंप आणि हीटर असलेल्या बंद रेफ्रिजरंट चक्रात पंप खडखडू लागला की दोष पंपाच्या माथी मारला जातो. पण आधी तपासावे ते त्याच्या तोंडाशी आलेल्या द्रवाचे तापमान. आर-१३४ए हे रेफ्रिजरंट वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसवर उकळते, सुमारे ६.७ बार निरपेक्ष दाबाला २५ अंशांवर. द्रव त्या दाबाच्या उत्कलनबिंदूहून काही अंश थंड नसेल, तर पंपात बुडबुडे उठतात, फुटतात, पात्यांवर बारीक खड्डे पाडतात. एवढ्या दाबाखाली तो उकळेल कसा, ही शंका रास्त आहे; पण तो दाब बहुतेक त्याच्याच वाफेचा असतो, म्हणून उकळण्यापासून फारसे अंतर उरत नाही. बुडबुड्यांमुळे प्रवाह तुटला की हीटरची नळी आतून कोरडी पडते आणि झपाट्याने तापते. प्रवाह घटताच हीटर आपोआप बंद होईल, अशी जोडणी आधी करा.