फेब्रुवारीतलं पिंपळगाव आणि श्रावणातलं

महाराष्ट्रात पिंपळगावं इतकी, की प्रत्येकाला आपल्या नावामागे काहीतरी लावून घ्यावं लागतं. नाशिककडचं बसवंत, बुलढाण्याचं राजा, खानदेशातलं हरेश्वर. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, बुलढाण्याच्या शिवेकडे सरकलं की लागतं ते पिंपळगाव रेणुकाई. अर्धं नाव झाडाचं, अर्धं देवीचं. जनगणना खात्यानं नावांच्या या गर्दीवर २०११ साली प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक देऊन तोडगा काढला. व्यापाऱ्यांना त्या क्रमांकाची गरज पडत नाही. त्यांच्या लेखी हे मिरचीचं पिंपळगाव.

ऐन पावसाळ्यात इथं यावं. उन्हाळ्यात मल्चिंगवर, ठिबकच्या पाण्यावर जगवलेली मिरची तोडणीला आलेली असते. पिकाडोर, शिमला अशा जातींच्या गोण्या टेम्पो-ट्रॅक्टरनं बाजारात येतात आणि परराज्यांतल्या व्यापाऱ्यांच्या ट्रकांमध्ये चढतात. गावात पाय ठेवायला जागा नसते. हमाल, मापाडी, ड्रायव्हर, चहावाले, आणि शिवाराशिवारांत वाकलेल्या बाया.

तोडणीची मजुरी बहुधा किलोवर. त्यामुळे हात थांबवून चालत नाही. देठासकट, फांदी न मोडता, मिरची खुडायची. दुपारपर्यंत बोटांची आग सुरू होते, नखांच्या कडांशी ती जास्त झोंबते. पाण्यानं ती जात नाही, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. घरी तान्हं मूल असेल तर बाई आधी हाताला तेल चोळते, मग साबणानं हात धुते आणि मगच त्याला उचलून घेते. हे मला विसरता येत नाही. गावाची बाजारपेठ या हातांवर उभी आहे.

आता गावाची लोकसंख्या. २०११ ची गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. हिरव्या मिरचीचा हंगाम तेव्हा केव्हाच सरलेला असतो. गणनेचा नियम असा, की या संपूर्ण काळात जो घराबाहेर असेल तो घरी मोजायचा नाही, असेल तिथं मोजायचा. मराठवाड्यातली ऊसतोडीला गेलेली कितीतरी कुटुंबं फेब्रुवारीत फडावर असतात. गावची माणसं दुसरीकडे मोजली जातात, आणि हंगामात गावाला वेढून टाकणारी माणसं गावाच्या कुठल्याच रकान्यात येत नाहीत. पिंपळगावसारख्या बाजारगावाचं हे दुहेरी नुकसान आहे.

कारण त्या आकड्यावर पुढं बरंच काही ठरतं. ग्रामपंचायतीत १५०० वस्तीपर्यंत ७ सदस्य, त्यापुढं दर टप्प्याला दोन वाढत ७५०० च्या वर १७. सपाट भागात ५,००० लोकांमागे आरोग्य उपकेंद्र, ३०,००० मागे प्राथमिक केंद्र. वित्त आयोगाच्या निधीतही लोकसंख्येचंच वजन मोठं. पण श्रावणातल्या बाजारदिवशी पाणी, संडास, कचरा आणि रस्ता यांवर जो भार पडतो तो या हिशेबात कुठंच नाही. बाजारात दिवसभर राबणाऱ्या बाईला आडोसा मिळतो का, हा प्रश्न मला सदस्यसंख्येपेक्षा मोठा वाटतो.

जिल्ह्याचा एक आकडा मात्र दुखतो. २०११ मध्ये जालन्याची लोकसंख्या १९,५९,०४६; दर पाच माणसांतली चार खेड्यांत. आणि सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८७०. ज्या मुलुखाचं पीक बायांच्या हातांनी बाजारात पोचतं, तिथं हा आकडा कुणाही विचारी माणसानं मुकाट्यानं वाचून सोडू नये.

२०२१ ची गणना झालीच नाही. दहा-पंधरा वर्षांत गावात जन्मलेली पोरं शाळेत गेली, काही तोडणीलाही लागली. कागदावरचं गाव अजून २०११ चंच आहे. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे प्रगणक पुन्हा फेब्रुवारीतच दारोदार फिरतील. तेव्हा शिवारातली जुनी झाडं उपटून झालेली असतील, बाजाराच्या जागेवर शुकशुकाट असेल, आणि पुढच्या हंगामाच्या रोपांचं बी अजून पुड्यांतच असेल.