घर, झडती आणि सरकार (लेखांक सहावा): भिंतीची ऊब

गेल्या लेखांकात आपण लॉस एंजेलिसमधील त्या सार्वजनिक टेलिफोनच्या काचकोठडीपाशी थांबलो होतो, जिच्या छपरावर पोलिसांनी बसविलेल्या ध्वनिग्राहकाने 1967 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला आपली जुनी भूमिका टाकावयास लावले, आणि घटनेचे संरक्षण हे केवळ चार भिंतींना नसून त्यांच्या आत ज्याला आपले बोलणे खाजगी राहील असा रास्त भरवसा वाटतो त्या मनुष्याला आहे, असे सिद्ध झाले. तत्त्व उदात्त होते खरे. परंतु तत्त्वाची कसोटी ज्या मुकदम्यांत लागावयाची ते मुकदमे उदात्त माणसांचे असतातच असे नाही. पुढील चार-पाच दशकांत या प्रश्नावर जे महत्त्वाचे निर्णय झाले, त्यांतील पाच निर्णयांच्या मुळाशी एकच वनस्पती उभी आहे, आणि ती म्हणजे गांजाचे झाड. हा निव्वळ योगायोग नव्हे. चोरून लावलेले हे झाड जसजसे माळावरून परसात, परसातून काचघरात आणि काचघरातून बंद खोलीत सरकत गेले, तसतसा त्याच्या मागावर असलेला कायदाही घराच्या जवळ येत गेला, आणि अखेरीस भिंतीला हात लावून उभा राहिला.

माळावरची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. केंटकीतील एका शेतात, राहत्या घरापासून मैलाहून अधिक अंतरावर, गांजा पेरलेला होता. फाटकाला कुलूप होते आणि प्रवेशबंदीची पाटीही होती, तरी फाटकाच्या बाजूने जाणाऱ्या पायवाटेने पोलीस आत शिरले. खुले शेत म्हणजे घर नव्हे, सबब पाटी कितीही ठळक लावली तरी घटनेचे छत्र तिथवर पोचत नाही, असा 1984 साली ऑलिव्हरच्या खटल्यात निकाल झाला. दोनच वर्षांनी कॅलिफोर्नियातील सान्ता क्लारा येथील सिराओलोचा खटला आला. येथे झाडे घराच्या परसात होती. बाहेरचे कुंपण सहा फूट आणि आतले दहा फूट उंच, म्हणजे जमिनीवरून काही दिसण्याची सोय नव्हती. पोलिसांनी एक खाजगी विमान घेतले, हजार फुटांवरून परस न्याहाळले आणि छायाचित्रे काढली. आकाशमार्गाने जाणाऱ्या कोणाही उतारूला जे सहज दिसले असते ते पोलिसाला दिसले तर त्यात झडती कसली, असे पाच न्यायमूर्तींचे म्हणणे पडले आणि चौघांचे त्याविरुद्ध. 1989 सालच्या रायलीच्या खटल्यात विमानाच्या जागी हेलिकॉप्टर आले आणि उंची चारशे फुटांवर उतरली. फ्लॉरिडातील त्या काचघराच्या छपराच्या दोन फळ्या निखळलेल्या होत्या, तेवढ्या फटीतून आतले झाड दिसले, आणि तेही ग्राह्य ठरले. उंची कमी होत जाणाऱ्या या मालिकेत शेवटी पोलिसाने कोठे थांबावे, हा प्रश्न कोणाही विचारी वाचकाच्या मनात येईल, आणि अमेरिकेत तो अनेकांच्या मनात आलाही.

या काळात झाड आत का गेले, याचे कारण निराळे शोधावयास नको. 1983 पासून उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ मुलुखात राज्य सरकारने हेलिकॉप्टरांच्या साहाय्याने गांजा उपटण्याची मोठी मोहीम उघडली. जमिनी जप्त होऊ लागल्या. आणि ज्याला सूर्यप्रकाशात पेरणे परवडेना तो तळघरात, कपाटात, मोटारखान्यात पेरू लागला. परंतु घरात आणलेल्या झाडाबरोबर सूर्य घरात येत नाही. तो विकत घ्यावा लागतो, आणि येथेच या सर्व गुप्ततेच्या मुळाशी असलेला विरोध उघड होतो.

हे झाड मुळात दिवसमानाचा हिशेब ठेवणारे आहे. रात्री लांबू लागल्या की ते फुलावर येते. वनस्पतींच्या या काळज्ञानाचा पहिला व्यवस्थित उलगडा गार्नर आणि अॅलर्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावरील प्रयोगांतून 1920 साली प्रसिद्ध केला, आणि पुढे हाच नियम अनेक पिकांना लागू असल्याचे दिसून आले. बंद खोलीत ही दिवस-रात्र दिवे लावून-विझवून घडवावी लागते, आणि सूर्याचे हे काम ज्यांच्याकडे सोपवले जाई ते धातूच्या बाष्पाचे प्रखर दिवे क्रीडांगणे आणि गोदामे उजळण्यासाठी बनविलेले. त्यांतील एकेक हजार हजार वॅटचा. आता हजार वॅटचा दिवा आणि हजार वॅटची विजेची शेगडी यांत, खोली तापविण्याच्या दृष्टीने पाहिल्यास, जवळजवळ काहीच भेद नाही, ही गोष्ट सामान्य माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. दिव्याने वापरलेल्या विजेचा काही भाग थेट उष्णता होतो आणि उरलेला प्रकाश होतो. तो प्रकाश पानावर, भिंतीवर, जमिनीवर पडून शोषला जातो आणि त्याचीही उष्णताच होते. पान आपल्या शरीरबांधणीसाठी त्यातला फार थोडा अंश राखून ठेवते. असे दहा दिवे एका खोलीत लागले की ती खोली म्हणजे दहा शेगड्या पेटविलेले घर झाले म्हणावयाचे. ही उष्णता बाहेर घालविली नाही तर झाड करपते, आणि बाहेर घालविली तर ती छपरावर, भिंतीवर, झरोक्यात दिसू लागते. ऊर्जा नष्ट करता येत नाही, एवढ्या एका नियमापुढे कुलूप, पडदा आणि अंधार यांचा इलाज चालत नाही. विजेचे बिल हे तर या चुगलीचे लेखी दप्तरच. इव्हान मिल्स या ऊर्जाशास्त्रज्ञाने 2012 साली केलेल्या गणनेप्रमाणे, घरातील व बंदिस्त जागेतील गांजाच्या लागवडीवर अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज खर्च होत होती. एका झाडाला आकाशाखालून उठवून छपराखाली नेण्याची ही किंमत वाचून मी तरी काही काळ स्तब्ध झालो.

उष्णता दिसते कशी, हे समजून घेतल्यावाचून पुढचा निर्णय कळणार नाही. विल्यम हर्शेल या खगोलज्ञाने 1800 साली लोलकातून पडलेल्या रंगपटाच्या तांबड्या टोकापलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही तेथे, तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला; त्या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. चुलीवरून नुकताच उतरवलेला तवा काळाच दिसतो, तरी त्याच्या जवळ नेलेल्या तळहाताला तो तापला आहे हे स्पर्शावाचूनच कळते, त्याचे कारण हेच किरण. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानाप्रमाणे ते कमीअधिक प्रमाणात बाहेर टाकीत असतो, आणि हे किरण टिपून उष्ण जागा उजळ व थंड जागा काळपट दाखविणारे यंत्र विसाव्या शतकात लष्कराच्या गरजेतून सिद्ध झाले. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की असे यंत्र भिंतीतून आरपार पाहत नाही. ते भिंतीचा फक्त बाहेरचा पृष्ठभाग किती तापला आहे एवढेच सांगते. खिडकीची साधी काचसुद्धा या किरणांना अडवून धरते. पुढचा सारा वाद याच बारकाव्याभोवती फिरला.

ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स या समुद्रकाठच्या गावी डॅनी कायलो नावाचा इसम तीन बिऱ्हाडांच्या एका जोडघरात राहत होता. तो घरात गांजा लावतो असा सरकारी अंमलदारांना संशय आला. खबऱ्यांनी दिलेल्या वर्द्या आणि विजेची बिले त्यांच्या हाती होती. 16 जानेवारी 1992 रोजी पहाटे 3 वाजून 20 मिनिटांनी दोन अंमलदारांनी रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारीत बसून स्वीडिश कंपनीच्या एका उष्णतादर्शकातून ते घर पाहिले. काम काही मिनिटांतच आटोपले. मोटारखान्यावरील छप्पर आणि एका बाजूची भिंत घराच्या इतर भागांहून तप्त, आणि शेजारच्या बिऱ्हाडांहून तर पुष्कळच अधिक तप्त दिसली. एवढ्या आधारावर न्यायाधिकाऱ्याकडून झडतीचा हुकूम मिळाला आणि आत शंभरांहून अधिक झाडे सापडली. कायलोने गुन्हा कबूल केला, परंतु सशर्त. आपल्या भिंतीची ऊब हुकुमाशिवाय मोजणे हीच मुळात बेकायदा झडती होती, ही तक्रार वरच्या न्यायालयात मांडण्याचा हक्क त्याने राखून ठेवला.

ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचून निकाल लागावयास 11 जून 2001 उजाडला, आणि निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. निकालपत्र अँटोनिन स्कालिया यांनी लिहिले. सनातनी विचारांचे म्हणून गाजलेले हे न्यायमूर्ती एका गांजावाल्याच्या बाजूने उभे राहिलेले पाहून ज्यांना नवल वाटले, त्यांनी स्कालियांचा सनातनीपणा नीट ओळखला नव्हता, असेच म्हणावे लागेल. 1791 साली झडतीपासून संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती अंमलात आली तेव्हा घराच्या आत काय चालले आहे हे आत शिरल्यावाचून सरकारला कळू शकत नव्हते. तितकी निर्धास्ती नागरिकाला आजही मिळाली पाहिजे, यंत्र सुधारले म्हणून ती उणावता कामा नये, हा त्यांचा युक्तिवाद. घरातील बारीकसारीक तपशीलही खाजगीच होत, त्यांत महत्त्वाचे कोणते आणि किरकोळ कोणते याची प्रतवारी पोलिसाने करावयाची नाही, असे सांगताना त्यांनी रात्री ठराविक वेळी उष्ण स्नान करणाऱ्या गृहिणीचा जो दाखला दिला, तो त्या निकालपत्रात सर्वांच्या स्मरणात राहिलेला आहे. सबब, सर्वसामान्य लोकांच्या वापरात नसलेल्या यंत्राने घराच्या आतील हकीकत काढून घेणे ही झडतीच होय, आणि तिला आगाऊ हुकूम पाहिजे.

विरुद्ध मत जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे. त्यांचे म्हणणे असे, की भिंतीबाहेर पडलेली उष्णता ही घराबाहेर पडलेल्या वासासारखी किंवा धुरासारखीच सार्वजनिक वस्तू आहे. बर्फ पडला असता कोणत्या छपरावरचा आधी वितळला हे रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्यालाही दिसते, त्यासाठी त्याने कोणाचा उंबरा ओलांडलेला नसतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहता माझ्या मते स्टीव्हन्स यांचीच बाजू बिनतोड आहे. यंत्राने खरोखरच भिंत ओलांडली नव्हती. तथापि निर्णय स्कालियांचाच योग्य होता असे मला वाटते, कारण किरण कोठे पकडला हा प्रश्न भौतिकशास्त्राचा असला तरी पकडलेल्या किरणावरून काय जाणून घेतले हा प्रश्न न्यायाचा आहे, आणि अंमलदारांना त्या पहाटे छपराच्या तापमानात कवडीचाही रस नव्हता. त्यांना हवी होती ती छपराखालची खोली. मात्र निकालपत्रातील एक कलम कच्चे राहिले. यंत्र सर्वसामान्य लोकांच्या वापरात नसावे, ही अट घालून न्यायालयाने नागरिकाची निर्धास्ती बाजारभावाशी बांधून टाकली. आज असे उष्णतादर्शक मोबाइलला जोडण्याइतक्या लहान आकारात विकत मिळतात, आणि घरांची डागडुजी करणारे कारागीर ते सर्रास वापरतात.

याच मालिकेत 2013 साली फ्लॉरिडातील जार्डिन्सचा खटला आला. तेथे यंत्राच्या जागी कुत्रा होता. पोलिसांनी आपले प्रशिक्षित श्वान दाराच्या पायरीपर्यंत नेले आणि त्याने आतल्या गांजाचा वास ओळखला. पुन्हा पाच विरुद्ध चार, पुन्हा स्कालिया. पाहुणा, फेरीवाला दारापर्यंत येऊन कडी वाजवतो, ही वहिवाट मान्य आहे, पण हुंगण्यासाठी कुत्रा घेऊन येण्याची कोणाला परवानगी दिलेली नसते, असे त्यांनी म्हटले. त्यानंतर दोन वर्षांनी ऑरेगनमध्ये, राज्याच्या कायद्याने, प्रौढ नागरिकाच्या घरी चार झाडे लावण्यास मुभा मिळाली. संघराज्याचा निषेध कायम असला तरी कायलोच्या राज्यातील त्या प्रश्नाची धार तेवढ्यापुरती बोथट झाली.

आपल्याकडे या झाडाचा इतिहास निराळा आहे, कारण ते फार काळ उघड्यावरचे, परवान्याचे पीक होते. ब्रिटिश सरकारने 1893-94 मध्ये नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाने मुंबई इलाख्यासह साऱ्या हिंदुस्थानात साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीविरुद्ध मत दिले. अहमदनगर जिल्ह्यात तेव्हा या पिकाची लागवड होत असे. 14 नोव्हेंबर 1985 रोजी अंमली पदार्थांचा नवा कायदा अंमलात आला आणि परवान्यावाचूनच्या लागवडीला पाच वर्षांपर्यंत, आणि पुढे दहा वर्षांपर्यंत, सक्तमजुरीची शिक्षा आली. त्यातील 42 वे कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, मिळालेली खबर लिहून घेऊन, अधिकृत अंमलदार हुकुमाशिवाय घरात शिरू शकतो. सूर्यास्तानंतर मात्र हुकूम आणण्याच्या अवधीत पुरावा लपवला जाईल असे वाटण्याची कारणे त्याला लेखी नोंदवावी लागतात, आणि त्या नोंदीची प्रत 72 तासांच्या आत वरिष्ठाकडे पाठवावी लागते. अमेरिकेत बेकायदा झडतीत मिळालेला माल सामान्यतः पुराव्यातून वगळला जातो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पूरणमलच्या खटल्यात 1973 साली तसा नियम स्वीकारण्यास नकार दिला. 1954 साली आठ न्यायमूर्तींनी झडतीच्या बाबतीत खाजगीपणाचा मूलभूत हक्कच नामंजूर केला होता, तो 2017 च्या ऑगस्टात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने मान्य केला. पण भिंतीबाहेरून मोजलेली ऊब ही झडती आहे काय, याचा निवाडा त्या निकालाने केलेला नाही. या दोन निकालांच्या मध्ये, 1962 साली, उत्तर प्रदेशातील खरकसिंगाच्या दारावर रात्री-बेरात्री पडणारी पोलिसांची थाप न्यायालयापुढे आली. तिची हकीकत पुढील लेखांकात.