आपल्याच बाजूचा प्रचार तपासताना

लोकांची मते, भावना आणि कृती पूर्वनिश्चित हेतूकडे वळवण्यासाठी शब्दांची, चित्रांची व प्रतीकांची जाणीवपूर्वक केलेली मांडणी म्हणजे प्रचार, ही व्याख्या स्वीकारली तर निवडणुकीचे भाषण, लसीकरणाचे भित्तिपत्रक आणि युद्धकाळातील सैन्यभरतीची जाहिरात ही तिन्ही प्रचाराच्याच कक्षेत येतात, आणि त्यांपैकी प्रत्येक गोष्ट खोटी किंवा त्याज्य ठरतेच असे नाही. सामाजिक शास्त्रांच्या वर्गात प्रचाराचे विश्लेषण शिकवायचे म्हणजे सांगणाऱ्याचा हेतू, त्याने केलेली मांडणी आणि तिच्यामागे असलेला किंवा नसलेला पुरावा या तीन गोष्टी विद्यार्थ्याला सुट्या करून पाहता याव्यात, एवढी दृष्टी त्याला देणे. हे काम अमेरिकेत १९३७ पासून पाच वर्षे मोठ्या उमेदीने झाले, आणि त्या प्रयोगाचे यश व अपयश दोन्ही आजच्या शिक्षकाला उपयोगी पडणारे आहे.

त्याची पार्श्वभूमी पहिल्या महायुद्धाची होती. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक माहिती समिती नेमली. या समितीने सुमारे ७५ हजार स्वयंसेवक वक्ते उभे केले. चित्रपटगृहात रीळ बदलण्यासाठी लागणाऱ्या चार मिनिटांत हे वक्ते प्रेक्षकांसमोर उभे राहत आणि सैन्यभरती, युद्धकर्जे किंवा अन्नबचत यांवर बोलत. जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांचे, पाहणाऱ्याकडे थेट बोट रोखणाऱ्या ‘अंकल सॅम’चे भित्तिपत्रक त्याच वर्षीचे आहे. ब्रिटनमध्ये १९१४ साली आल्फ्रेड लीट यांनी लॉर्ड किचनेर यांचे जे चित्र काढले होते, त्यावरून ते बेतलेले होते. पुढे १९२० मध्ये सोव्हिएत चित्रकार दिमित्री मोर यांनी लाल सैन्यासाठी तेच रोखलेले बोट वापरले. परस्परविरोधी राजवटी एकच हावभाव वापरतात, हे ही तीन चित्रे शेजारी ठेवली की दहावीच्या विद्यार्थ्यालाही शिक्षकाने काही न सांगता दिसते, आणि म्हणूनच या विषयाची सुरुवात करायला त्यांच्याइतके सोपे साधन क्वचितच सापडेल.

युद्ध संपल्यानंतर आपल्याला काय काय सांगितले गेले याचा हिशेब लोक मांडू लागले, आणि १९३० च्या दशकात रेडिओ घरोघरी पोहोचला, जर्मनीत हिटलरची सत्ता आली, तेव्हा ही चिंता शिक्षणक्षेत्रात शिरली. अमेरिकेतील सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९३७ चे आपले वार्षिक पुस्तक याच विषयाला वाहिले. त्याच वर्षी बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांच्या देणगीतून आणि कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील क्लाइड मिलर यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये प्रचार विश्लेषण संस्था स्थापन झाली. तिच्या मासिक पत्रिकेने नोव्हेंबर १९३७ मध्ये प्रचाराच्या सात युक्त्या सांगितल्या, आणि ही यादी पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

त्यांतील पहिली युक्ती विरोधकावर बदनामीकारक शिक्का मारण्याची, म्हणजे त्याचे म्हणणे ऐकण्याआधीच त्याला नकोसे करून टाकण्याची. तिची उलट बाजू म्हणजे स्वातंत्र्य, धर्म, राष्ट्र, प्रगती असे ज्यांना कोणीच विरोध करू शकत नाही असे झगमगते शब्द आपल्या मागणीला चिकटवणे. ध्वज, देवालय किंवा थोर पुरुषाची प्रतिमा शेजारी ठेवून तिची प्रतिष्ठा आपल्याकडे ओढून घेणे आणि नामवंताची साक्ष काढणे या पुढच्या दोन युक्त्या. नेत्याने शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून भाकरी खाल्ल्याचे छायाचित्र छापून आणणे हा ‘आपल्यातलाच माणूस’ या पाचव्या युक्तीचा नमुना. सातवी युक्ती लाटेची आहे: सगळे निघाले आहेत, तुम्ही मागे राहू नका. या सहा युक्त्या थोड्या सरावाने ओळखता येतात. सहावी मात्र वेगळी आहे, कारण सोयीचे तेवढे पुढे ठेवून गैरसोयीचे दडवणे हे तिचे स्वरूप, आणि जे समोर नाहीच ते कितीही बारकाईने वाचले तरी मजकुरात सापडत नाही.

संस्थेने १९३९ मध्ये फादर चार्ल्स कॉगलिन यांच्या भाषणांवर एक पुस्तक काढले. मिशिगन राज्यातील या धर्मगुरूची रेडिओवरील भाषणे लक्षावधी लोक ऐकत असत आणि त्यांत ज्यूंविषयीचा द्वेष उघडपणे येऊ लागला होता. ॲल्फ्रेड मॅक्लंग ली आणि एलिझाबेथ ब्रायंट ली यांनी संपादित केलेल्या या पुस्तकात भाषणाच्या मजकुरातच, ओळीओळीत, युक्तीची खूण छापलेली होती: शिक्का मारण्यासाठी खाली वळवलेला अंगठा, झगमगत्या शब्दांसाठी चमकणारे रत्न, दडवादडवीसाठी इस्पिकचा एक्का. वर्गात हे साधन कमालीचे चालले, कारण विद्यार्थ्याच्या हाती लगेच काहीतरी करण्याजोगे आले.

मात्र येथेच या पद्धतीची उणीवही होती, आणि ती किरकोळ नव्हती. युक्ती ओळखल्याने विधान खरे की खोटे हे ठरत नाही. खरी गोष्ट सांगणाराही झगमगते शब्द वापरतो आणि खोटे बोलणारा अगदी कोरड्या आकडेवारीच्या भाषेत बोलू शकतो. खुणा करण्यात पटाईत झालेला विद्यार्थी प्रत्येक भाषणावर खूण करून थांबतो आणि सगळेच खोटे बोलतात या निष्कर्षावर येतो, अशी टीका संस्थेवर तेव्हाच झाली होती.

सरसकट अविश्वासाची किंमत किती मोठी असते याचे उदाहरण त्याच काळात आहे. ब्रिटनमध्ये लॉर्ड ब्राइस यांच्या समितीने मे १९१५ मध्ये बेल्जियममधील जर्मन अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील साक्षी शपथेवर घेतलेल्या नव्हत्या आणि काही अतिरंजित कथा तपासाविना शिरल्या होत्या. जर्मन लोक प्रेतांपासून चरबी काढतात ही १९१७ ची बातमी तर निराधार होती, आणि १९२५ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जर्मनीचा इन्कार स्वीकारला. आर्थर पॉन्सनबी यांच्या १९२८ च्या पुस्तकाने अशा असत्यांचा संग्रहच लोकांपुढे ठेवला आणि बेल्जियमच्या सगळ्या कथा बनावट होत्या असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियम व फ्रान्समधील सहा हजारांहून अधिक नागरिकांना ठार मारले होते, हे नंतरच्या इतिहाससंशोधनाने कागदपत्रांवरून सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या संहाराच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा अनेकांनी त्या गेल्या युद्धातल्यासारख्या थापा समजून बाजूला सारल्या. पूर्वी फसलेला माणूस खऱ्या साक्षीलाही दाद देत नाही, आणि म्हणून केवळ संशय शिकवणारा वर्ग हा अर्धवट शिक्षण देणारा, किंबहुना धोकादायक वर्ग आहे.

दुसरी गोष्ट संस्थेच्या शेवटाशी निगडित आहे. अमेरिका युद्धात उतरण्याची चिन्हे दिसताच, सर्व बाजूंच्या प्रचाराचे तटस्थ विश्लेषण युद्धकाळात गैरसमजास कारण होईल, असे तिच्या संचालकांना वाटू लागले, आणि १९४२ च्या आरंभी तिचे काम थांबले. कॉगलिन यांच्या किंवा बर्लिनहून येणाऱ्या भाषणांवर खुणा करणे शक्य होते, स्वतःच्या सरकारच्या भाषणांवर नव्हे. ज्या क्षणी या कौशल्याची खरी परीक्षा होती त्याच क्षणी ते बासनात गेले. विद्यार्थ्याला आधी त्याला न पटणारा प्रचार दाखवला तर त्याला फक्त आपण शहाणे असल्याचा आनंद मिळतो. त्याच्या आवडत्या खेळाडूची जाहिरात, त्याच्या घरी मानल्या जाणाऱ्या पक्षाचे पत्रक, त्याच्या जातीचा अभिमान सांगणारी चित्रफीत समोर आली की मगच विश्लेषण सुरू होते.

युक्ती ओळखणे पुरेसे नसेल तर आणखी काय शिकवावे, याचे एक ठोस उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांच्या २०१७ च्या अभ्यासातून मिळते. त्यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी यांच्यापैकी बरेच जण समोरचे पान वरून खाली मन लावून वाचत राहिले आणि देखण्या मांडणीला फसले; तथ्यतपासनीस मात्र ते पान लगेच सोडून त्या संस्थेविषयी इतर कोण काय सांगते हे पाहायला बाहेर पडले. या पद्धतीला आडवे वाचन म्हणता येईल. सहाव्या युक्तीवरचा उपायही हाच आहे, कारण दडवलेली गोष्ट मजकुराच्या बाहेरच असते.

महाराष्ट्राला याची गरज किती आहे हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात दिसले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवांच्या त्या दिवसांत नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणारी अपहरणाची एक चित्रफीत प्रत्यक्षात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. मूल परत आणून सोडणारा आणि संदेश दाखवणारा तिचा शेवट कापून टाकला होता. दडवादडवीचे याहून भयंकर उदाहरण शोधावे लागणार नाही. त्याच वर्षी केरळच्या कन्नूर जिल्ह्यात प्रशासनाने सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू केले होते.

महाराष्ट्रातील शाळांना यासाठी नवा विषय काढण्याची आवश्यकता नाही. राज्याच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हे प्रकरण आहे आणि ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने विकत घेतलेल्या हिटलरच्या बनावट रोजनिश्यांचा दाखलाही त्यात दिलेला आहे. १९८३ मधील ती लबाडी उघड झाली ती मुख्यतः कागदाच्या रासायनिक तपासणीमुळे, कारण त्यात युद्धानंतर वापरात आलेले द्रव्य सापडले. म्हणजे तेथेही उत्तर मजकुराबाहेरच होते. हे प्रकरण परीक्षेपुरते पाठ करून घेण्याऐवजी शिक्षकांनी त्याचे दोन तास राखून ठेवावेत, विद्यार्थ्यांनी स्वतःच्या घरच्या गटात आलेला, स्वतःला पटलेला एकेक संदेश आणावा, त्याचा मूळ स्रोत शोधावा आणि काय खरे निघाले व काय खोटे, हे दोन्ही वहीत लिहावे. आणि पालकांनी, त्या वहीत आपणच पाठवलेला संदेश सापडला तरी, शाळेकडे तक्रार घेऊन जाऊ नये.