वांगं काळं पडतं, तिथूनच कॉफीच्या अर्काचा धंदा समजतो

धायरी फाट्यावरून सिंहगडाकडे निघालं की गडावरची पिठलं-भाकरी आणि वांग्याचं भरीत आठवतंच. पण वांग्याची कच्ची फोड थोडा वेळ उघडी ठेवून पाहा. ती तपकिरी पडते. म्हणून तर घरोघरी चिरलेली वांगी पाण्यात टाकतात.

वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल असते. फोड केली की वांग्यातलेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, हवेच्या मदतीने या आम्लाचे रूप पालटते. हेच आम्ल कॉफीच्या कच्च्या बियांत भरपूर, वाळल्या वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के. अरेबिकापेक्षा रोबस्टात जास्त. भाजताना त्यातले बरेच जाते, म्हणून अर्काला न भाजलेले हिरवे बी लागते. ते दळून गरम पाण्यात किंवा पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात मुरवायचे, गाळायचे, आटवून भुकटी करायची. त्या अर्कात बुरशीपासून काढलेले एस्टरेज विकर घातले की आम्ल फुटून कॅफिक आणि क्विनिक अशी दोन आम्ले सुटी होतात. फार तापवले तर विकर मरते. मटणाला कच्ची पपई शिजवण्याआधीच लावून ठेवतात, त्याचे कारणही हेच.

आता पैशाचं बोलू. महाराष्ट्रात कॉफी म्हटली की चिखलदरा; तिथे सुमारे ११०० मीटर उंची आणि थंड हवा आहे. डोणजे-खानापूरच्या शिवारात कुणी ‘कॉफी लावा, अर्कासाठी आम्ही उचलतो’ म्हणत आला, तर चहा पाजा, सही करू नका. हिरव्या कॉफीच्या अर्काने वजन उतरतं, असा बोलबाला २०१२ मध्ये झाला. त्यामागची चाचणी आपल्याच देशात, अवघ्या १६ जणांवर झालेली. २०१४ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला आणि अर्क विकणाऱ्या अमेरिकन कंपनीला तिथल्या सरकारी आयोगाशी तडजोड करून ३५ लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे मात्र जाहिराती चालूच राहिल्या.

अर्क खोटा नाही, त्याच्या नावावर केलेला गवगवा खोटा. तेव्हा गावात असा करार आलाच, तर ग्रामपंचायतीत बसून तो मोठ्याने वाचून घ्या. भाव बियांच्या वजनावर आहे की आम्लाच्या टक्क्यावर? टक्का कोणाच्या प्रयोगशाळेत मोजणार? माल नापास झाला तर वाहतूक कुणाच्या डोक्यावर? शंका राहिली तर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेला पत्र टाका. कॉफीवर तिथे काम झालेले आहे.