रिपोर्ट कोणाच्या हाती?

लॅबचा रिपोर्ट हल्ली मोबाइलवर येतो. हेलपाटा वाचतो, वेळ वाचतो. पण घरात एकच फोन असेल आणि तो मुलाच्या किंवा दिराच्या हातात असेल, तर रुग्णाच्या आधी रिपोर्ट दुसराच कोणी वाचतो. क्षयरोग, फिट्स, मानसिक आजार, गर्भपात, एच.आय.व्ही. यांपैकी काहीही गावात फुटले की ठरलेले लग्न मोडते, कामावरून काढले जाते. या भीतीपोटी काही जण तपासणीच टाळतात आणि आजार बळावल्यावर दवाखान्याची पायरी चढतात.

पूर्वी केसपेपर कपाटात असे. आता नोंदी संगणकात आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'च्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि बरेच दिवस तेथील काम कागदावर करावे लागले. आपल्याकडे मात्र माहिती फुटते ती साध्या कारणांनी. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढलेला रिपोर्ट तिथल्या संगणकात तसाच राहतो. कौतुकाने किंवा काळजीने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला जातो.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. न्यायालयाचा आदेश, इतरांना गंभीर धोका आणि सरकारला कळवावे लागणारे रोग, एवढेच अपवाद. एच.आय.व्ही. आणि मानसिक आजार यांसाठी २०१७ चे स्वतंत्र कायदे आहेत. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव उघड करणे हाही गुन्हा आहे.

वाचकांनी एवढे जरूर करावे :

१. लॅबमध्ये स्वतःचाच नंबर द्यावा. तो नसेल, तर रिपोर्ट हातात बंद पाकिटात मागावा.

२. दुकानात प्रिंट काढल्यावर फाइल आपल्यासमोर पुसून घ्यावी.

३. 'आभा'चा १४ अंकी क्रमांक काढला असेल, तर मोबाइलवर आलेला ओ.टी.पी. कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय कोणालाही सांगू नये. आपली संमती त्यातूनच नोंदवली जाते.

४. डॉक्टर तुमचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करून टाइप करून घेत असतील, तर ते कोण टाइप करते, हे निःसंकोच विचारावे.

मात्र गुप्ततेच्या काळजीने डॉक्टरांपासूनच काही लपवू नका. अर्धवट माहितीवर दिलेले औषध आजारापेक्षा महाग पडते.